गिरणीवाले भाऊजी

आमचे भाऊजी भित्रे आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे पाठीमागे सांगायला हरकत नाही. लिफ्टमध्ये ते एकटे चढत नाहीत. घराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जातात आणि कुलूप ओढून बघतात, मी सोबत असले तर मलाही ओढून बघायला लावतात. फोन वाजला की तो जणू तापलेला तवा असल्यासारखा माझ्याकडे सरकवतात. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, म्हणतात की याला याच्या सावलीनं हाक मारली तरी हा दचकेल. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर भाऊजी "राहून गेलं" म्हणतात. माझ्या मते घाबरले.

असा माणूस कुठल्या धंद्यात असावा? भाऊजी सॉफ्टवेअर लिहितात. मोबाईलवरचं नाही, इंटरनेटवरचंही नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, राखाडी खिडक्यांचं, दिसायला अगदी रटाळ. आमची गिऱ्हाइकं म्हणजे लहान मुलांचे दवाखाने. डॉक्टर चिठ्ठीवर किलोमागे किती औषध ते लिहितात. औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर मुलाचं नाव, वय आणि वजन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो, गुणाकार सॉफ्टवेअर करतं, आणि बाटलीवर चिकटवायचं लेबल छापून येतं: सकाळी एवढं, संध्याकाळी एवढं. आमच्या ह्यांची नोकरी सुटल्यापासून घर या लेबलांवरच चालतं. पुढच्या खोलीत दोन टेबलं, एक प्रिंटर आणि एक कुरकुरणारी खुर्ची, हे आमचं ऑफिस. लिहायचं भाऊजींनी, फोन घ्यायचे आणि लिहिलेलं वापरून तपासायचं मी. कॉम्प्युटर मला शेजारणीइतकाच कळतो. आतलं सगळं माहीत नसतं, पण काही बिनसलं असेल तर लगेच लक्षात येतं.

पूर्वी भाऊजी प्रत्येक खिडकी हाताने लिहायचे. पेशंटची खिडकी, औषधांची खिडकी, डॉक्टरांची, माल पुरवणाऱ्यांची. काम सगळीकडे तेच: भरायचे रकाने, जतन करायचं बटण, पुसायचं बटण, शोधायचं बटण. एकाची नक्कल दुसऱ्यात करायची आणि नावं बदलायची. अशाच एका नकलेत त्यांची एक ओळ बदलायची राहिली. माल पुरवणाऱ्याचं नाव पुसायला गेलं की पेशंट पुसला जायचा. ते माझ्याच तपासणीत सापडलं, बाहेर गेलं नाही, पण भाऊजींच्या घशाखाली कितीतरी दिवस घास उतरत नव्हता. मी चिडून म्हटलं, सापडलं ना, मग आता कसला शोक करताय? ते म्हणाले, "वहिनी, हात आहे तो. पुन्हा चुकेल."

त्या भीतीतून त्यांनी यंत्र बनवलं. अशा यंत्राला त्यांच्या धंद्यात कोड जनरेटर म्हणतात, मी गिरणी म्हणते. वरून धान्य टाकायचं, म्हणजे खिडकीत काय काय हवं ते थोडक्यात लिहून द्यायचं: नाव, वय, वजन, फोन. खाली पीठ तयार. रकाने, बटणं, माहिती आत ठेवायचा आणि बाहेर काढायचा सगळा कोड. ज्या कामाला आठवडा जायचा ते चहा निवायच्या आत व्हायला लागलं. पण भाऊजींना त्या वेगाचं फार काही नव्हतं. त्यांचं सुख वेगळंच होतं. गिरणीतली एखादी चूक एकदा दुरुस्त केली की पुढच्या दळणात सगळ्या खिडक्या दुरुस्त होऊन यायच्या. "एकदा सुधारलं की सगळीकडे सुधारलं," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जसा लोकांचा मुलांच्या निकालाला खुलतो. मी त्यांना गिरणीवाले म्हणायला लागले, गिऱ्हाइकांनी ते उचललं. धाडसी माणसाच्या हातून असलं यंत्र झालं नसतं. त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा असतो.

गिरणीचा एक नियम होता. दर दळणाला ती खिडकीच्या कोडची अख्खी फाईल नव्याने लिहिते, आधीचं काही ठेवत नाही. म्हणून तिनं बनवलेल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ती स्वतःच एक ताकीद छापायची: ही फाईल गिरणीने बनवली आहे, इथे हाताने काही लिहू नका, पुढच्या दळणात पुसलं जाईल. हाताने लिहायचं ते वेगळ्या फाईलमध्ये, जिला गिरणी शिवत नाही. ताकिदीचे शब्द भाऊजींचेच. ते त्यांनी मलाही पाठ करून घेतले होते, जणू मी तिथे जाऊन काही लिहिणार होते.

त्या नियमाला त्यांनी स्वतःच हरताळ फासला, आणि तोही भीतीपोटीच. एकदा एका कंपाउंडरचा फोन आला. वर्षाच्या मुलाचं वजन भरताना त्याच्या बोटाखालून पॉइंट निसटला होता. आठ पॉइंट शून्य किलोंचं मूल ऐंशी किलोंचं झालं, आणि आमच्या सॉफ्टवेअरनं निमूटपणे दहापट औषधाचं लेबल छापलं. नर्सचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. मी हे सांगितलं तेव्हा भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पेशंटच्या खिडकीची फाईल उघडली आणि त्या ताकिदीच्या खालीच हाताने तपासणी लिहिली: वयाच्या मानाने वजन अशक्य वाटलं तर लाल पट्टी येईल आणि लेबल छापलं जाणार नाही. खरं म्हणजे ही तपासणी गिरणीला शिकवायला हवी होती. पण त्याला वेळ लागला असता, आणि तोवर अजून एखादं लेबल बाहेर जाईल हा विचार त्यांना थांबू देईना. त्याच दुपारी नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांना गेली. मी म्हटलं, भाऊजी, तुमचा नियम? म्हणाले, उद्या हलवतो नीट जागी.

तो उद्या काही उजाडला नाही. मी दोनचारदा आठवण करून दिली, तर म्हणायचे, "चालतंय हो वहिनी. चालत्या गोष्टीला हात लावायची भीती वाटते." पुढे मीही विसरले. लाल पट्टी इमानानं काम करत होती. कंपाउंडर कुरकुरायचे, पॉइंट द्यायचे, पुढे जायचे. आणि हळूहळू, हे मला फार नंतर कळलं, त्यांनी आकड्याकडे बघणंच सोडलं. पट्टी आली नाही ना, मग बरोबर असणार.

मग एका दवाखान्यानं नातेवाइकांच्या दुसऱ्या फोन नंबरासाठी रकाना मागितला. गिरणीसाठी हे फुंकर मारण्याइतकं काम. धान्यात एक शब्द वाढवला, दळलं, पेशंटची खिडकी नवीकोरी होऊन आली. मी नेहमीप्रमाणे तपासलं. दुसरा नंबर भरला, जतन केला, शोधला, छापला. सगळं झकास. जे नवीन आलंय ते मी तपासलं. जे गेलंय ते तपासायचं कुणाच्या डोक्यात येतं? नवी आवृत्ती सगळीकडे रवाना झाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी फोन वाजला. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडचा कंपाउंडर होता, बोलघेवडा, दर वाक्याला हसणारा. प्रिंटरमध्ये कागद अडकतोय म्हणाला. तो कसा काढायचा ते मी सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाला, "आणि ताई, ती लाल पट्टी काढून टाकलीत ते एक बरं केलंत. फार डोकं खायची."

मी विचारलं, कुठली लाल पट्टी? विचारतानाच मला माहीत होतं कुठली.  मी फोन ठेवला आणि भाऊजींना सांगितलं, शब्द न बदलता. त्यांनी लगेच फाईल उघडली. डोक्यावरची स्वतःचीच ताकीद वाचली, मग जिथे तपासणी असायची तिथवर खाली गेले. तिथे काही नव्हतं. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले, कुलूप ओढून बघतात तसे. मग म्हणाले, "पुसली गेली वहिनी. त्या फोनच्या रकान्याच्या दळणात."

मी झुरळाला भीत नाही, बँकेतल्या साहेबाला भीत नाही. त्या सकाळी मी घाबरले. तीन आठवडे, एवढे दवाखाने, रोज येणारी एवढी मुलं. तीन आठवडे त्या दारावर कुणीच उभं नव्हतं, आणि आत जाणारा प्रत्येक जण समजत होता की कुणीतरी आहे. एखाद्या घरात, एखाद्या फडताळात, आमच्या लेबलाची बाटली उभी असेल आणि कुणी आई ती हलवून चमच्यात ओतत असेल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं आणि काही केल्या जाईना.

पहिलं काम मी केलं. एकेका दवाखान्याला फोन लावून सांगितलं की आम्ही कळवेपर्यंत लेबलं हाताने लिहा, वजन दोनदा बघा. एक जण वाद घालायला लागला, त्याला मी म्हटलं, हाताने म्हणजे हाताने, आणि फोन ठेवला. पुलापलीकडच्या एका दवाखान्यात मात्र कुणी फोन उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. नुसता वाजत राहायचा.

पण जी लेबलं आधीच छापून गेली होती त्यांचं काय? माहिती ज्या त्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये, आम्हाला इथे बसून दिसणार नाही. आणि ज्यांचं वजन वयाला शोभत नाही अशी मुलं दाखव, असं विचारायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम हवा होता. भाऊजी तो हाताने लिहायला बसले. मी बघत होते. एक ओळ लिहायचे आणि तीच पुसायचे. चालवून बघितला तर चालेना. कुठेतरी कंस राहिला होता. तो घातला तर दुसरीकडे अडलं. बाहेर ऊन चढत होतं.

"गिरणी लावा," मी म्हटलं.

"तिनंच खाल्लं सगळं."

"तिनं खाल्लं नाही. तिच्या फाईलला हात लावू नका, असं कुणी लिहिलंय? आणि हात कुणी लावला?"

हे मी फार कठोरपणे बोलले.  पण त्यांनी हाताने लिहिलेलं सगळं बाजूला सारलं आणि गिरणी उघडली. काय हवं ते मोजक्या शब्दांत घातलं: पेशंटचं नाव, वय, वजन, लेबलाची तारीख, औषध, फोन, आणि अट. गिरणी चालली. यादीची अख्खी खिडकी तयार होऊन आली, छापायच्या बटणासकट. जी एरवी त्यांना दिवसभर पुरली असती ती माझा एक फोन होईतो समोर होती. त्यांनी आलेली प्रत्येक ओळ वाचली. मग एक खोटी पेशंट भरली, वय एक वर्ष, वजन पंच्याण्णव किलो, आणि यादी चालवली. खोटी पेशंट यादीत आली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुलापलीकडचा दवाखाना सोडून सगळ्यांना तो प्रोग्राम मेलनं गेला, त्या एकासाठी भाऊजींनी पेनड्राइव्हवर घेतला.

उत्तरांची वाट बघताना त्यांनी ते राहिलेलं काम केलं. गिरणीच्या धान्यातच लिहिलं की वजन वयाला शोभलं पाहिजे. पुन्हा दळलं. लाल पट्टी परत आली, आणि नुसती पेशंटच्या खिडकीत नाही, जिथे जिथे वजनाचा रकाना होता तिथे सगळीकडे आली. लसींच्या खिडकीत आली, भरती करायच्या खिडकीत आली, जिथे ती हवी हे आम्हाला कधी सुचलंही नव्हतं. भाऊजी पडद्याकडे बघत बसले. "एवढंच होतं," ते म्हणाले. मी बोलले असते तर वाईट बोलले असते.

फोन यायला लागले. यादी रिकामी. यादी रिकामी. एका यादीत दोन नावं आली, पण ती मोठी, थोराड मुलं निघाली, त्यांचं वय भरताना चुकलं होतं. मग सगळ्यात शेवटी त्या बोलघेवड्या कंपाउंडरचा फोन आला आणि या वेळी तो हसला नाही.

"ताई, एक नाव आलंय."

वर्षाच्या वरची मुलगी. वजन ब्याऐंशी किलो. लेबल कालचं. औषध झटक्यांचं, जहाल, थेंबाथेंबानं द्यायचं. अर्धा मिलिलिटर असायला हवं होतं, लेबलावर पाच छापलं होतं. पन्नास असतं तर आईला शंका आली असती. पाच म्हणजे एक लहान चमचा. मुलांना देतात तेवढंच की. 

यादीतला पहिला नंबर बंद होता. दुसरा त्या नव्या रकान्यात होता. त्या रकान्याला शिव्या द्याव्यात की काय करावं, मला कळेना. मी नंबर दाबला आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाहीत हे मला कळलं. भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून घेतलेला तो पहिला फोन असेल. त्यांनी स्पीकर लावला.

"तुमच्या मुलीचं काल आणलेलं औषध दिलंत का?"

"सकाळी दिलं," एका बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"आत्ता कशी आहे ती?"

"झोपलीये. सकाळपासून झोपलीये. औषध चांगलं आहे हो, एरवी डोळ्याला डोळा लागत नाही तिचा."

भाऊजींनी टेबलाची कड घट्ट धरली. म्हणाले, "तिला उठवून बघा. मी फोन धरून आहे."

पावलं ऐकू आली. मग लाडानं मारलेली हाक. मग पुन्हा एक हाक, जरा मोठ्यानं. मग तिसरी, आणि त्या हाकेत लाड नव्हता.

"उठत नाहीये," बाई म्हणाली.

"श्वास चालू आहे का?"

"आहे. हो, आहे. तुम्ही कोण?"

"औषध जास्त गेलंय. तिला आहे तशी उचला आणि दवाखान्यात न्या. बाटली बरोबर घ्या. मी तिथे कळवतो, ते दारात थांबतील." भाऊजी एकदाही अडखळले नाहीत. फोन ठेवला, दवाखान्यात फोन केला, तिथल्या डॉक्टरीणबाईंना औषध आणि आकडा सांगितला, आणि मग उठून मोरीत जाऊन उलटी करून आले.

स्कूटर मी चालवते, भाऊजी मागे बसतात, दोन्ही हातांनी सीट धरून. त्या दिवशी मी कशी चालवली देव जाणे, पण ते एकदाही हळू म्हणाले नाहीत. सिग्नलला थांबलो तेव्हा मी मान वळवून बजावलं की तिथे आपण कोण ते सांगायचं नाही. फोन करणारे म्हणून भेटायचं, मुलगी कशी आहे बघायचं आणि निघायचं. बाकीचं वकिलाला विचारून. तुमचं एक वाक्य आणि आपलं दुकान बंद, असंही म्हटलं. मला मुलीची भीती वाटत होती आणि घराची भीती वाटत होती, आणि त्या क्षणाला कुठली मोठी ते मला सांगता आलं नसतं. ते नुसते "हं" म्हणाले.

मुलगी आतल्या खोलीत होती. काचेतून पलंग दिसत होता आणि त्यावर एवढासा देह, नाकाला नळी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, एकच चमचा गेलाय, श्वास टिकून आहे, पण जागी होईपर्यंत मी काही बोलणार नाही. संध्याकाळचा चमचाही गेला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि पुन्हा आत गेल्या. आई बाकावर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. आम्ही फोन करणारे, हे कुणीतरी तिला सांगितलं. ती उठली आणि तिनं भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही फोन केला नसता तर मी संध्याकाळीही दिलं असतं," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं दिलं असतं."

मी भाऊजींच्या शर्टाची बाही ओढली. त्यांना कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, ते लेबल ज्या सॉफ्टवेअरनं छापलं ते मी लिहिलंय. चुकीचं वजन अडवायची तपासणी त्यात होती. माझ्या हातून ती गेली. तुमचं काही चुकलेलं नाही."

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं हात सोडला. सावकाश, एकेक बोट. आता ओरडेल, माणसं जमतील, म्हणून मी भिंतीला टेकले. पण ती ओरडली नाही.

"अजून कुणाच्या घरी आहे अशी बाटली?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "सगळीकडे बघितलं." आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला. "एक दवाखाना राहिलाय. तिथे फोन उचलत नाहीत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

तिनं हे शांतपणे विचारलं. आम्ही दोघंही धावत जिना उतरलो. लिफ्ट उघडी उभी होती, तिच्याकडे बघायलाही वेळ नव्हता.

पुलापलीकडचा तो दवाखाना तळमजल्यावरचा, दोन खोल्यांचा. कंपाउंडर दारातच होता. फोन बिघडलाय, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतोय आणि येत नाहीये, असं तो कंटाळून सांगायला लागला. भाऊजी त्याच्या बाजूनं आत शिरले. एरवी स्वतःच्या खोलीत शिरतानाही दार वाजवणारा हा माणूस. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, यादी चालवली आणि डोळे मिटून घेतले. मला म्हणाले, "तुम्ही बघा."

मी बघितलं. यादी रिकामी होती. तसं सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. खोटी पेशंट भरली, ती यादीत आली, ती पुसली, पुन्हा चालवली. रिकामी. कंपाउंडर आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होता. त्याला सगळं समजावलं, लाल पट्टीची नवी आवृत्ती बसवली, ती येते का ते बघितलं. आली. बाहेर उन्हं कलली होती. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून भाऊजींनी फोन काढला. मी म्हटलं मी बोलते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"ताई, कुणाच्या घरी नाहीये," ते म्हणाले. "राहिलेल्या ठिकाणीही बघितलं. कुणाच्याही घरी नाहीये."

  तिचा आवाज आला. "डोळे उघडलेत तिनं. डॉक्टर म्हणतात, आता भीती नाही."

भाऊजींच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

"तुम्ही मात्र परत येऊ नका," ती म्हणाली. "तिला बघायलाही नको."

"नाही येणार," भाऊजी म्हणाले.

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानाला तसाच धरला होता. मला त्या बाईचा राग आला, आणि तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते हेही कळलं. मी स्कूटरची किल्ली काढली आणि म्हटलं, चला, हे वाट बघत असतील घरी. भाऊजी जागचे हलले नाहीत. "थांबा जरा वहिनी," ते म्हणाले, "पाय चालत नाहीयेत." मग मी किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि त्यांना धरून पायरीवर बसवलं.